एका क्लिकचे बेचाळीस रुपये

आधी हिशेब मांडू, मग शौकाकडे वळू. रंगीत फिल्मचा ३६ फोटोंचा रोल आज साधारण नऊशे रुपयांच्या आसपास मिळतो. तो धुऊन, स्कॅन करून घ्यायचे पाचेकशे. जाण्या-येण्याच्या कुरिअरचे शंभर. झाले दीड हजार. भागिले छत्तीस. एका क्लिकला बेचाळीस रुपये. नांदेडात एवढ्यात एक प्लेट पोहे आणि वर चहा होतो, आणि पोट भरतं ते वेगळंच.

तरीही आमच्या बॅचमधल्या तिघांच्या गळ्यात आज फिल्म कॅमेरा आहे आणि आणखी चार-पाच जण ऑनलाइन जाहिराती चाळत बसलेत. इन्स्टावरचे दाणेदार, किंचित पिवळसर फोटो बघून खाज सुटते, हे आपण मोकळेपणानं मान्य करूया. पण खाज सुटली की पहिली चूक होते ती बजेट काढताना. पोरं म्हणतात, 'माझ्याकडं आठ हजार आहेत, आठ हजाराचा कॅमेरा बघ.' राव, मग त्यात घालणार काय? बजेट कॅमेऱ्याचं नाही, पहिल्या दोन-तीन महिन्यांचं काढायचं. माझं असं होतं : कॅमेरा साडेचार हजार, मागच्या झाकणाचा स्पंज बदलायला तीनशे, सेल ऐंशी, आणि दोन रोल सगळ्या खर्चासकट तीन हजार. बेरीज सात हजार आठशे ऐंशी. हातात आठ हजार होते. ते इंटर्नशिपचं मानधन आणि दिवाळीत मामानं दिलेले पैसे मिळून. घरात यावर जे बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही, पण आईचा मुद्दा साधा होता : एवढ्यात तुझ्या एका सत्राची फी निघते. खरंच निघते. म्हणून सांगते, हप्त्यावर किंवा उसने घेऊन हा शौक करू नका. आधी घरातलं कपाट उघडा. नव्वदीच्या दशकात आपल्याकडं घरोघरी याशिका एमएफ-२ नावाचा काळा प्लास्टिकचा कॅमेरा होता. तो निघाला तर एक रोल त्यात घालून बघा. मजा नाही आली तर आठ हजार वाचले.

आता मुद्द्याचा शब्द : रेंजफाइंडर. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन खिडक्या दिसतात, थोड्या अंतरावर. डोळा लावला की मधोमध एक लहानसा पिवळट चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात समोरचा माणूस दोनदा दिसतो, थोडा इकडं, थोडा तिकडं. दोन खिडक्या त्याच्याकडं दोन जागांवरून बघतात, म्हणून. लेन्सवरची कडी फिरवत गेलं की दोन चेहरे सरकत सरकत एकमेकांवर येतात आणि एक होतात. एक झाले की फोकस झाला. बस. आपले दोन डोळे अंतराचा अंदाज घेतात त्याच तत्त्वावर, फक्त इथं मोजणी पितळेच्या कडीनं होते. एसएलआर कॅमेऱ्यात आत आरसा असतो, फोटो काढताना तो फाडकन वर जातो. यात आरसाच नाही. त्यामुळं यंत्र लहान, आवाज बारीक, आणि क्लिक करतानाही समोरचं दिसत राहतं. तोटाही तिथंच आहे. तुम्ही लेन्समधून बघतच नसता, म्हणून लेन्सचं झाकण लावलेलं राहिलं तरी खिडकीत सगळं छान छान दिसतं.

हा बारीक आवाज छोटी गोष्ट नाही. जर्मनीच्या लायका कंपनीनं १९२५ साली खिशात मावेल असा ३५ मिमी कॅमेरा बाजारात आणला, १९३२ च्या मॉडेलमध्ये रेंजफाइंडर आतच बसवला आणि १९५४ मध्ये 'एम३' आणला. बातमीदारीचे फोटो स्टुडिओतून रस्त्यावर आले ते अशा कॅमेऱ्यांमुळं. फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ १९४७ च्या शेवटी भारतात आले, ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना भेटले, आणि त्यांच्या निघण्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. पुढच्या दिवसांतले अंत्ययात्रेचे त्यांचे फोटो आमच्या अभ्यासक्रमात आहेत. त्या गर्दीत त्यांच्या हातात लायका होता. तो लायका आज आपल्या हातात येणार नाही हे सांगायला नको. कंपनीनं २०२२ मध्ये 'एम६' पुन्हा बाजारात आणला, त्याची किंमत लाखांत आहे. अर्धापुरात तेवढ्यात चांगली जुनी चारचाकी येते.

मग आपल्यासारख्यांनी काय करायचं? साठ-सत्तरच्या दशकांत जपान्यांनी हेच तत्त्व स्वस्तात विकलं. लेन्स बदलता येत नाही, पण जी आहे ती उत्तम. याशिका इलेक्ट्रो ३५ हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, १९६६ चा. त्याचं १९७३ चं 'जीएसएन' मॉडेल जास्त सापडतं. ४५ मिमी, एफ १.७ ची लेन्स, म्हणजे दिवेलागणीलाही फोटो येतो. २०१२ च्या 'द अमेझिंग स्पायडरमॅन' मध्ये पीटर पार्करच्या गळ्यात हाच कॅमेरा होता, आणि तेव्हापासून विकणारे जाहिरातीत 'स्पायडरमॅनवाला' असं लिहून हजारभर रुपये वाढवतात. दुसरा कॅननचा कॅनोनेट क्यूएल१७ जी-३, १९७२ चा. लहान, देखणा, आणि म्हणूनच महाग. तिसरा मिनोल्टाचा हाय-मॅटिक ७एस. हाय-मॅटिकची एक गोष्ट मला फार आवडते. १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीला प्रदक्षिणा घालायला निघाले तेव्हा त्यांनी सोबत नेलेला कॅमेरा औषधाच्या दुकानातून चाळीसेक डॉलरला घेतलेला होता. नाव अॅन्स्कोचं, पण आतून तो मिनोल्टा हाय-मॅटिकच. अवकाशात चालला तर नांदेड-हिंगोली रोडवरही चालेल.

रशियन झोर्की आणि फेड हेही स्वस्तात दिसतात. आवडत असतील तर घ्या, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. झोर्की-४ मध्ये आधी रोल पुढं ओढायचा आणि मगच शटरचा वेग बदलायचा. उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. आणि कुणी सोनेरी पत्र्याचा, जर्मन लष्कराची चिन्हं कोरलेला 'दुसऱ्या महायुद्धातला लायका' पंधरा हजारात देऊ लागला तर हसून पुढं चला. तो बहुतेक वेळा झोर्की किंवा फेडच असतो, वेश बदललेला.

कॅमेरा शोधायचा कुठं? अर्धापुरात केळी मिळतात, हळद मिळते, रेंजफाइंडर मिळत नाही. नांदेडला वजिराबादेत मी दोन दिवस विचारत फिरले. जुन्या स्टुडिओवाल्यांच्या कपाटात कॅमेरे आहेत, पण ते धंद्याचे : लग्नाच्या ऑर्डरींत घासलेले एसएलआर. रेंजफाइंडर हा हौशी माणसाचा कॅमेरा होता. परदेशी वस्तू सहज मिळत नसत त्या काळात तो आखातातून आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून यायचा, बारशा-मुंजीला निघायचा आणि परत चामडी कव्हरात जायचा. त्यामुळं दुकानापेक्षा ओळखीपाळखीत विचारा. निवृत्त मास्तर, इंजिनिअर, बँकेतले काका. एका काकांनी मला विचारलं, "काहून पाहिजे गं तुला हे? मोबाइल बिघडला का?" त्यांच्याकडचा कॅमेरा चालू निघाला असता तर हा लेख इथंच संपला असता, पण त्याच्या लेन्सवर इतकी बुरशी होती की समोरचं धुक्यात गेल्यासारखं दिसत होतं.

मुंबईत फोर्टातला बोरा बाजार आणि चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, ही नावं सगळे सांगतात. पण आपण मराठवाड्यातले. आपल्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. देवगिरीत बसलं की झालं. तिथं कोटी भागातली गुजराती गल्ली कॅमेऱ्यांसाठी माहितीची आहे आणि पुरानापुलाजवळ गुरुवारी जुमेरात बाजार भरतो, त्यात जुन्या घरातलं काहीही निघू शकतं. फोटोच्या बाबतीत हैदराबादशी आपलं नातं तसं जुनंच. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचा स्टुडिओ सिकंदराबादला होता, आणि नांदेड तेव्हा निजामाच्याच मुलखात होतं. शिवाय माझा एक अंदाज : समुद्राकाठच्या दमट हवेत पडून राहिलेल्या लेन्सपेक्षा दख्खनच्या कोरड्या हवेतल्या लेन्सला बुरशी कमी लागत असावी. मी मामेभावाला घेऊन गेले, तेलुगू-दखनी दोन्ही त्याला येतं. याशिका जीएसएनचे सात हजार सांगितले होते, साडेचारला आला. भाव पडला तो घासाघिशीच्या कौशल्यानं नाही. काय बिघडलंय ते बोट ठेवून दाखवता आलं म्हणून पडला.

ते बोट कुठं ठेवायचं, हेच खरं शिकण्यासारखं आहे.

याशिका इलेक्ट्रोबद्दल सगळ्यात महत्त्वाचं : सेल नसतानाही तो खटकन वाजतो. शटर विजेवर चालतं, पण वीज नसली तर ते कायम सर्वांत वेगवान, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर उघडतं-मिटतं. विकणारा दोनदा 'खट खट' करून दाखवतो आणि म्हणतो, 'बघा ताई, चालू आहे.' ते चालू असल्याचं लक्षण नाही. म्हणून सेल आपण घेऊन जायचा. मूळ सेल पाऱ्याचा होता, ५.६ व्होल्टचा. पारा विषारी म्हणून तो कधीच बंद झाला. त्याऐवजी घड्याळवाल्याकडं मिळणारे एलआर४४ चे चार बटनसेल एकावर एक रचायचे, सहा व्होल्ट होतात आणि एवढा फरक हा कॅमेरा चालवून घेतो. मूळ सेल जाड आणि लांब होता, म्हणून पुठ्ठ्याची नळी करायची आणि उरलेल्या जागेत बॉलपेनातली स्प्रिंग किंवा चॉकलेटची चांदी दाबून बसवायची. सेल घातला की मागचं बटन दाबा, हिरवा दिवा लागायला हवा. मग पुढच्या बाजूच्या उजेड मोजणाऱ्या काचेवर बोट धरून क्लिकचं बटन अर्धं दाबा, पिवळा दिवा लागेल. पूर्ण दाबलं की शटर बराच वेळ उघडं राहून मग मिटेल. उजेडाकडं धरलं की झटकन मिटेल. हा फरक ऐकू आला म्हणजे मेंदू शाबूत आहे.

दुसरं, रोल पुढं ओढायची कडी ओढताना आतून एक जाड 'ठक' यायला पाहिजे. आत रबराचा एक लहान तुकडा असतो, पन्नास वर्षांत तो झिजून भुगा होतो, आणि मग ठक येत नाही व फोटोंचा उजेड कमी-जास्त होतो. जगभरचे इलेक्ट्रोवाले याच एका ठकसाठी कान टवकारून असतात. तो बदलता येतो, पण कॅमेरा उघडावा लागतो आणि उघडणारा माणूस आता सापडत नाही. नांदेडात कॅमेरे दुरुस्त करायचे ते हात आज मोबाइलचे डिस्प्ले बदलतायत. मला ज्यांनी स्पंज बदलून दिला ते काका तीसेक वर्षं हेच काम करायचे. आता महिन्याला एखादाच कॅमेरा येतो म्हणाले, तोही बहुतेक शोकेसमध्ये ठेवायला. म्हणून 'घेऊ आधी, दुरुस्त करू नंतर' हे आपल्या गावात चालत नाही.

मागचं झाकण उघडा. कडेनं काळा स्पंज असतो. बोटाला चिकट डांबरासारखा लागला तर उजेड आत शिरणार आणि फोटोवर केशरी पट्टे येणार. घाबरू नका, हे सगळ्यात स्वस्त दुखणं आहे, पण भाव पाडायला सगळ्यात उपयोगी. सेलच्या खोबणीत हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर मात्र सावध. थोडी असेल तर व्हिनेगरच्या बोळ्यानं निघते, वायरीपर्यंत गेली असेल तर ठेवून द्या. मग शटर 'बी' वर ठेवून बटन दाबून धरा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि लेन्समधून आरपार बघा. धूळ चालेल. चार ओरखडे चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, नको.

आणि तो पिवळा चौकोन. दुकानाबाहेर या, लांबचा मोबाइल टॉवर बघा, निदान पाच-सातशे मीटरवरचा. लेन्सची कडी शेवटच्या टोकाला, अनंतावर न्या. टॉवरची दोन चित्रं बरोब्बर एकावर एक यायला हवीत. आडवी सरकलेली असतील तर प्रत्येक फोटो थोडा हुकणार. चौकोनच पुसट झाला असेल तर एक जुगाड चालतो : समोरच्या मोठ्या खिडकीच्या मध्यावर काळ्या टेपचा इवलासा तुकडा चिकटवायचा, चौकोन उठून दिसतो.

कॅनोनेट आणि हाय-मॅटिक ७एस चं वेगळं आहे. त्यांचं शटर यांत्रिक, सेल फक्त उजेड मोजायला. तो बंद असला तरी हातानं आकडे लावून फोटो निघतात. म्हणून ज्याला शिकायचंय त्यानं खरं तर हे घ्यावेत, मिळाले तर. सेलही पाऱ्याचाच होता, १.३५ व्होल्टचा. साधा अल्कलाइन घातला तर मोजमाप चुकतं. त्याच्या जवळ जाणारा सेल म्हणजे कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा. आजोबांच्या ड्रॉवरमध्ये बघा.

सेलशिवायचं एक जुनं गणित आहे. लख्ख उन्हात छिद्र एफ १६ वर ठेवायचं आणि फिल्मचा जो नंबर असेल तोच शटरचा वेग. २०० ची फिल्म तर सेकंदाचा अडीचशेवा भाग. पुस्तकात लिहिलेलं हे 'लख्ख ऊन' लंडनवाल्यांना वर्षातून थोडेच दिवस मिळत असेल, आपल्याकडं फेब्रुवारीपासून दारात उभं असतं. म्हणूनच एक इशारा. याशिकाचा सर्वांत जास्त वेग पाचशे आणि सर्वांत लहान छिद्र एफ १६. ४०० ची फिल्म घातली तर आपल्या दुपारी कॅमेरा अगदी काठावर येतो, लाल दिवा सारखा डोळे वटारतो. उन्हाळ्यात २०० ची घ्या. आणि रोल भरलेला कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवू नका, फिल्म तापली की रंग बिघडतात.

सिनेमाच्या फिल्मची रिळं कापून भरलेले रोल थोडे स्वस्त मिळतात. घेण्याआधी विचारा, मागं काळा थर आहे का. असेल तर त्याला धुण्याची वेगळी पद्धत लागते. साध्या लॅबच्या यंत्रात तो गेला तर थर सुटून सगळं रसायन नासतं, लॅबवाला हात जोडेल. रंगीत रोल आपल्याकडून हैदराबाद, पुणे किंवा मुंबईलाच पाठवावा लागतो. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स नावाची सरकारी कंपनी होती, १९६० साली स्थापन झालेली, 'इंदू' नावाची फिल्म बनवायची. तीही बंद पडली. आज रोल आयात होतो, म्हणून भाव असा.

बेचाळीस रुपये खाली आणायचे असतील तर कृष्णधवल घ्या आणि घरीच धुवा. अंधारी खोलीही लागत नाही. हात आत घालून काम करता येईल अशी काळी पिशवी, एक प्लास्टिकची टाकी आणि दोन रसायनं. अडचण एकच आहे. रसायनाच्या पुडीवर लिहिलेलं असतं, पाणी वीस अंश. आमच्या अर्धापूरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात अंघोळीला तापवावं लागत नाही. मी माठातलं पाणी घेते, वर बर्फाचे दोन खडे, आणि थर्मामीटर धरून बसते. तीसच्या पुढं गेलं तर फिल्मवरचा थर मऊ पडतो आणि बोट लागलं तरी सोलतो. डिसेंबरात हे सगळं आपोआप सोपं होतं, रोल जमवून ठेवा.

पहिला रोल कशावर घालवायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण छत्तीसच आहेत म्हटल्यावर हात आपोआप थांबतो. केळीच्या वखारीत ट्रक भरताना मी अर्धा तास उभी होते आणि चारच फोटो काढले. मोबाइलनं दीडशे काढले असते आणि एकही परत बघितला नसता. केशवराज मंदिराच्या अंधाऱ्या गाभाऱ्यापाशी एफ १.७ ची किंमत कळली. आजीचा फोटो काढायला गेले तर ती पदर सारखा करून सरळ ताठ बसली, श्वास रोखून. मोबाइलसमोर ती कधीच अशी बसत नाही. तिला वाटत होतं, फोटो एकदाच निघतो. यात निघतो तसाच.

लॅबला रोल पाठवताना सोबतच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहा : नेगेटिव्ह परत पाठवा. काही ठिकाणी स्कॅन मेल करून टाकतात आणि नेगेटिव्ह पडून राहतात, मागितल्या नाहीत तर काही दिवसांनी कचऱ्यात जातात. आल्या की वहीच्या पानांत ठेवू नका, पावसाळ्यात चिकटतात. सहा-सहाच्या पट्ट्या कापून प्लास्टिकच्या पाकिटात घाला, वर तारीख आणि गाव लिहा, आणि डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. बुटाच्या खोक्यात येतात ना, त्याच.